सोबतीचा ठिपका

"हे ते हात नाहीत!" विल्मट साहेब म्हणाला आणि त्यानं वही माझ्यापुढे आपटली.

साहेबाचं मराठी एरवी मोडकंतोडकं, पण एवढं वाक्य त्यानं अगदी स्वच्छ उच्चारलं. सकाळचे नऊ वाजले असतील. माझगावच्या बंदरात 'मार्गारेट' नावाचं जहाज नांगर टाकून उभं होतं आणि दुपारच्या भरतीला ते सुटायचं होतं. त्याआधी, जाणाऱ्यांना ठेवायच्या आमच्या वखारीतली दीडेकशे माणसं पडावांतून, म्हणजे लहान होड्यांतून, त्यावर चढवायची होती. कुठे जायला, तर मोरस बेटावर. सणावाराला तुमच्या घरी जी पांढरीशुभ्र मोरस साखर येते ना, ती जिथून येते तेच ते बेट. तिथल्या मळ्यांत ऊस तोडायला कोकणातली, घाटावरची माणसं पाच वर्षांच्या करारावर धाडायची. जाण्याचं भाडं सरकारी, परतीचंही सरकारी. बंड होऊन दोनच वर्षं झाली होती, गावोगाव उपासमार होती, आणि माणसं येत होती.

त्या माणसांना लिहून घेणारा कारकून मी. सदाशिव गोविंद, वय सव्वीस. साहेबाची वही इंग्रजीत, माझी मोडीत. नाव, वय, जात, गाव, जवळचं माणूस कोण, आणि शेवटचा रकाना अंगावरच्या खुणांचा. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. कारण माणसं आणून देणारे मुकादम लोक भारी लबाड. दाखवायला एक आणायचे आणि जहाजावर चढवायचे दुसराच. म्हणून तीळ, व्रण, गोंदण, जे असेल ते लिहून ठेवायचं आणि निघायच्या दिवशी ताडून बघायचं.

माझं काम चोख होतं. का चोख होतं तेही सांगतो. मी माणसं बघत नसे, रकाने बघत असे. मान वर केली की समोरच्याचे डोळे दिसतात, आणि घर सोडून निघालेल्या माणसाच्या डोळ्यांत बघू नये, असा माझा नेमच होता. मोठा आलो शहाणा!

"नऊ बायका," साहेब म्हणाला. "वहीत खूण नाही, हातावर आहे. नऊ बायका बदलल्या आहेत, सदाशिव. मी एकीलाही चढू देणार नाही."

नऊ बायका गाळल्या की घोडं पेंड खाणार, हे मला ठाऊक होतं. पुरुषांमागे ठरावीक बायका असल्याशिवाय जहाज सोडायचं नाही, असा सरकारी हुकूम होता. मी वही काखेत मारली आणि बायकांच्या आवाराकडे निघालो.

त्या आवारावर कोंडाबाईचा पहारा असे. राजापूरकडची बाई, तोंडानं फटकळ, मनानं लोणी.

"काय हो सदाशिवराव, साहेब कशानं पेटलाय आज?"

"बायका बदलल्यात म्हणतो. तसं निघालं तर तुम्हीही घरी जाल आणि मीही."

"डोंबल बदलल्यात! बाया त्याच आहेत, हात नवे झालेत. अगो साळू, ये इकडे. दाखव यांना हात. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

साळू म्हणजे संगमेश्वरकडची विशीची पोर. नवरा पलीकडे पुरुषांच्या आवारात होता. तिनं डावा हात पुढे केला. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन गोंदलेलं, कडा अजून सुजलेल्या, वर पातळ खपली.

"हे कधी केलंस?"

"सोमवारी. वैद्य येईना, बोट सुटेना, मग बसल्या बसल्या."

"अगं पण आत्ताच कशाला? तिकडे गेल्यावर करायचं होतं!"

साळूनं माझ्याकडे असं बघितलं की मीच खुळा. "तिकडं कोण असणार गोंदायला? आई म्हणायची, मेल्यावर देव विचारतो, काय आणलंस बरोबर? दागिना तर हितंच राहतो. गोंदण तेवढं संगती येतं. आता काळ्या पाण्यापल्याड जायचं, म्हणजे मेल्यासारखंच की. माझा हात रिता होता. रित्या हातानं कशी जाऊ?"

"आणि हिचं बघून दुसरीनं, दुसरीचं बघून तिसरीनं," कोंडाबाई म्हणाली. "मीही करून घेणार होते, पण म्हटलं ह्या वयात कुणाला दाखवू?"

मी हसलो. वहीत लिहायला म्हणून हात नीट बघायला लागलो. आणि तुळशीच्या उजव्या अंगाला, जरा अंतर सोडून, मला एक ठिपका दिसला. नक्षीत न बसणारा, एकटाच.

"हा काय?" मी विचारलं.

"तो सोबतीचा," साळू म्हणाली. "म्हातारी म्हणाली, तुळस एकटी कशी ठेवायची? तिला सोबत हवी."

आता मला सांगायलाच हवं. माझ्या डाव्या मनगटावर असाच एक ठिपका आहे. बाहीच्या आत. विचारणाऱ्याला मी तीळ म्हणून सांगत असे.

मी गोंदणारणीचा मुलगा. आम्ही पालं घेऊन गावोगाव फिरणारी माणसं. बाप मला आठवत नाही. आई तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधायची, दिव्याची काजळी पाल्याच्या रसात खलायची, आणि बायकांशी बोलत बोलत त्यांच्या हातावर तुळशी, विंचू, बाशिंगं उठवायची. शेवटी एक ठिपका जास्तीचा, त्याचं काही घ्यायची नाही. मला ती सटवा म्हणायची. नऊ वर्षांचा असताना पनवेलच्या पंतोजींनी मला वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं आणि शाळेत ठेवून घेतलं. आईनंच ठेवलं. पंतोजींनी माझं नाव सदाशिव लिहिलं, जात मराठा लिहिली, आणि मी ती अंगावर घेतली.

तीन वर्षांनी ती मला भेटायला शाळेच्या दाराशी आली होती. काखेत गाठोडं, हात कोपरापर्यंत गोंदणानं हिरवे. पोरांनी विचारलं, ही कोण रे? मी म्हटलं, कुणी गोंदणारीण असेल, मी काय ओळखतो? तिनं ऐकलं. पंतोजींच्या पायरीवर चिंचेची पुडी ठेवली आणि गेली. पुन्हा आली नाही. ती पुडी मी खाल्ली, हेही सांगून टाकतो.

"कोण म्हातारी?" मी कोंडाबाईला विचारलं.

"राहीबाई. सत्त्याण्णव नंबर. तुम्हीच तर लिहून घेतलीत!"

राही हे माझ्या आईचं नाव.

मी तिथेच आवाराच्या भिंतीला टेकून पान उलटलं. सत्त्याण्णव. माझंच वळणदार अक्षर. राही. वय चाळीस. मुकादम म्हणाला आणि मी लिहिलं, चाळीस कुठली? जवळचं माणूस: कोणी नाही. खुणा: काही नाही. आणि खाली निशाणी. पुरुषानं नांगर काढायचा, बाईनं बांगडी, अशी तेव्हाची रीत. त्या पानावर बारा बायकांच्या बारा बांगड्या होत्या. सत्त्याण्णवच्या बांगडीबाहेर, जरा अंतर सोडून, एक ठिपका होता.

आठ दिवस ते पान माझ्या टेबलावर होतं.

मी आठवायचा प्रयत्न केला. नाव? राही. गाव? फिरस्ती. जवळचं कोण? इथे ती थांबली होती. एवढंच मला आठवतं, कारण टाकाची शाई वाळत होती आणि मी म्हणालो होतो, "लवकर बोला बाई, मागे रांग आहे." मग ती म्हणाली, "कोणी न्हाई, लिवा." हातावर काही खूण? "न्हाई." पदर मनगटापर्यंत ओढून उभी राहिली असणार. आणि मी म्हटलं, पुढचा.

"कोंडाबाई, ती कुठे आहे?"

"ती काय, तुमच्या टेबलासमोरच्या कुंपणापाशी. रोज तिथंच बसते. म्हटलं, तिकडे ऊन लागतं, सावलीत बस की. म्हणते, इथनं बरं दिसतं."



आता तुम्ही म्हणाल, मग जायचं आणि म्हणायचं, आये. सोपं होतं. नियमही होता. जहाजावर पाय ठेवायच्या आत सख्खा नातेवाईक येऊन म्हणाला, हे माणूस माझं आहे, तर साहेब नाव कापत असे. चारच दिवसांपूर्वी खेडचा एक म्हातारा लेकाला असाच घेऊन गेला होता, रडत आणि शिव्या घालत. पण माझी लग्नाची बोलणी चालली होती चिपळूणकडे, चांगल्या मराठा घरात. गिरगावात जिथे राहत होतो तिथे माझ्या पंक्तीला बसणारे चार कारकून होते. त्यांच्या मधोमध मी ते हिरवे हात नेऊन कसे बसवणार?  

मी साहेबाकडे गेलो आणि सांगितलं, बायका त्याच आहेत, एका म्हातारीनं गोंदलं आहे.

"बोलाव तिला."

कोंडाबाई तिला घेऊन आली. मी टेबलाच्या साहेबाच्या बाजूला उभा, ती पलीकडे. यावेळी मी मान वर केली. किती लहान झाली होती ती! चेहरा सुकलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. दुसरा डोळा मात्र माझ्यावर होता, हलत नव्हता.

साहेबानं तिचा पदर मागे करायला सांगितला. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे हात बघून तो चकित झाला.

"तू लिहिलंस, खूण नाही!"

"चूक झाली साहेब."

"हीच ती बाई? तू हिला ओळखतोस?"

"हीच."

साहेब खुर्चीत मागे टेकला. माणूस वाईट नव्हता. आता तो इंग्रजीत बोलायला लागला, कारण गोष्ट नाजूक होती. "ही चाळिशीची नाही. प्रवासात मरेल. डॉक्टरनं पास केली आहे म्हणून मी हिला आपणहून काढू शकत नाही. पण हिचं कोणी असेल, एखादं जरी माणूस, तर मी आत्ता नाव कापतो. विचार तिला."

दुभाषाचं कामही माझंच होतं.

मी माझ्या आईला विचारलं, "बाई, साहेब विचारतात, मुंबईत तुमचं कोणी आहे का? असेल तर तुमचं नाव कापतील. जावं लागणार नाही."

कोंडाबाईनं तिला कोपरानं ढोसलं. "अगो बोल की! असेल कोणी तर सांग, सुटशील."

तेव्हा ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हाय का कोणी? तुमीच सांगा, सायेब. तुमी शिकलेलं."

आवाजात राग नव्हता हो. राग असता तर बरं झालं असतं. सरळ विचारलं तिनं, दुकानात एखादी वस्तू आहे का विचारावं तसं.

"काय म्हणते?" साहेब म्हणाला.

कोंडाबाईला इंग्रजी येत नव्हतं. साहेबाला ते खेडवळ मराठी समजलं नव्हतं. त्या खोलीत माझं उत्तर तपासणारं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "कोणी नाही म्हणते."

साहेबानं खांदे उडवले आणि सही केली. मी खुणांचा रकाना खोडून नव्यानं लिहिला: दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. ती माझ्या हाताकडे, टाकाच्या टोकाकडे बघत उभी होती. सुईकडे बघावं तसं, अगदी जवळून.

"अक्षर लई देखणं हाय तुमचं," ती म्हणाली. "कुठलं आमचं नाव?"

मी बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली.

मग तिला नंबराचा पत्रा द्यायचा होता, गळ्यात बांधायचा. मी हात पुढे केला तशी बाही वर सरकली. तिनं पत्रा घेतला आणि दुसऱ्या हातानं माझी बाही ओढून मनगट झाकलं. "तीळ हाय न्हवं हा? जपा," ती म्हणाली. कोंडाबाई हसली. "मेली म्हातारी, साहेबांच्या कारकुनाला हात लावते!"

दीड वाजता शेवटचा पडाव सुटला. मी धक्क्यावर यादी घेऊन उभा होतो. ती कडेला बसली होती, साळूच्या शेजारी. पडाव पंचवीस-तीस हातांवर होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पन्नास हातांवर गेला, तरी ऐकू गेली असती. मग वारा फिरला, आणि जहाजाचं शीड दिसेनासं होईपर्यंत मी तिथे यादी धरून उभा राहिलो. कोणीतरी म्हणालं, सदाशिवराव, जेवायला चला. मी गेलो. चौघांच्या पंक्तीला बसलो आणि जेवलो.

चिपळूणचं ते लग्न पुढे मोडलं. वेगळ्याच कारणानं, मुलीच्या मामाला दुसरं स्थळ आवडलं. मी पुन्हा कुठे बोलणी केली नाहीत. पंक्तीतले कारकून एकेक करून आपापल्या संसाराला लागले. मी त्याच खोलीत राहिलो. पण एक बदल झाला. मी मान वर करून लिहायला लागलो. प्रत्येकाला विचारायचो, जवळचं कोण? नीट आठव. मागे कितीही रांग असो.

सहाव्या वर्षी करार संपलेल्यांचं जहाज परत आलं. येणाऱ्यांचीही यादी करावी लागे, जाताना लिहिलेल्या खुणा ताडून. राहीबाई यादीत नव्हती. साळू होती.

ती जून झाली होती, पण बोलणं तेच. "कारकूनदादा! अजून हितंच?"

"हितंच," मी म्हणालो. "तुझ्याबरोबर ती म्हातारी होती, राहीबाई."

"गेली की बिचारी. दुसऱ्या पावसाळ्यात, तापानं. माझ्याच मांडीवर गेली. पण बघा, तिथल्या मळ्यात आपली एक बाई न्हाई तिच्याकडनं गोंदल्याबिगर राहिली. समद्यांच्या हातावर सोबतीचा ठिपका."

"काही सांगायची का? मागचं?"

"तिला लेक होता म्हणायची. पनवेलच्या कुण्या पंतोजींच्या बायकोनं सांगितलं तिला, तुझा लेक मोरसच्या वखारीत हाय. पण नुसतं भेटायला आत कोणाला सोडंनात. जाणाऱ्यालाच सोडतात म्हणाले. मग म्हणाली, जाणारी होऊन जाते. लेक भेटला का विचारलं, तर म्हणायची, भेटला. आठ दिस डोळे भरून बघितला. नाव विचारलं तर हसायची, सांगायची न्हाई."

टाक माझ्या हातात होता. मी यादीत बघत म्हणालो, "खुणा?"

"डाव्या हाताची तुळस तुमाला ठाव हाय. उजव्या हातावर तिनं हे काढलं, मरायच्या आधी. शेवटचं. डोळा दिसत नव्हता तरी काढलं." तिनं हात टेबलावर ठेवला. "हे काय म्हणून समदी विचारतात. कोण साप म्हणतं, कोण वेल. मलाच कळत न्हाई, कसंही फिरवून बघितलं तरी. तिला विचारलं तर म्हणाली, ही माझ्या लेकाच्या हातची नक्षी, मी बघून ठेवली व्हती."

हात टेबलावर, तिच्याकडून माझ्याकडे पसरलेला. आईनं ते टेबलापलीकडून बघितलं होतं, म्हणून तिला उलटं दिसलं, आणि तिनं तसंच्या तसं उतरवलं. साळूच्या बाजूनं उलटं होतं. माझ्या बाजूनं सुलट होतं. मोडीतली दोन अक्षरं, माझंच वळण, शेवटचा फाटा मी ओढतो तसाच लांब ओढलेला. राही. आणि शेजारी, जरा अंतर सोडून, एक ठिपका.

"काय झालं दादा?" साळू म्हणाली. "तुमाला येतं का वाचता?"

"येतं," मी म्हणालो. "नाव आहे तिचं. राही. ती माझी आई."

साळूनं हात तसाच टेबलावर राहू दिला, बराच वेळ. मागे रांग होती.

मग मी खुणांच्या रकान्यात लिहिलं: उजव्या हातावर नाव, राही. ही माझी आई. खाली माझी पूर्ण सही केली, सटवा राही, जात गोंदणारी. वही नव्या साहेबापुढे ठेवली. साहेबानं न बघता सही केली आणि पान उलटलं.

ती वही दप्तरखान्यात गेली. अजून तिथेच असेल. मी आणखी बावीस वर्षं नोकरी केली, पेन्शन घेतली, आता ह्या खोलीत एकटा असतो. त्या दिवसापासून मी बाही कोपरापर्यंत दुमडून ठेवतो. कोणीच कधी विचारलं नाही, हे काय म्हणून.